तापमानाच्या पट्ट्या आणि त्यांचं रूपांतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातम्यांमध्ये हवामान सेल्सियसमध्ये सांगतात. घरात ताप फॅरनहाइटमध्ये मोजला जातो आणि एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विन छापलेलं असतं. एकाच घरात तीन पट्ट्या वावरतात, म्हणून गोंधळ होणं साहजिक आहे. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पालक, जुने विद्यार्थी आणि शेजारीपाजारी आजही जे प्रश्न फोनवर पाठवतात तेच इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एक मुद्दा दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. °से. म्हणजे अंश सेल्सियस, °फॅ. म्हणजे अंश फॅरनहाइट आणि के. म्हणजे केल्विन.

१. सेल्सियस, फॅरनहाइट आणि केल्विन यांत नेमका फरक काय?

कोणतीही मोजपट्टी दोन गोष्टींनी ठरते: शून्य कुठे मांडलं आणि एक अंश केवढा धरला. समुद्रसपाटीला बर्फ वितळतो ते तापमान ०°से., ३२°फॅ. किंवा २७३.१५ के. आहे. पाणी उकळतं ते तापमान १००°से., २१२°फॅ. किंवा ३७३.१५ के. आहे. या दोन खुणांमधलं अंतर सेल्सियस आणि केल्विन १०० भागांत वाटतात, तर फॅरनहाइट १८० भागांत. म्हणून सेल्सियसचा एक अंश फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा भरतो.

गाण्यातली पट्टी डोळ्यांसमोर आणली तर हे चटकन कळतं. पांढरी एकमधलं गाणं काळी चारमध्ये घेतलं की ‘सा’ वर सरकतो, पण स्वरांमधली अंतरं तीच राहतात. सेल्सियसकडून केल्विनकडे जाताना नेमकं एवढंच घडतं. फॅरनहाइटकडे जाताना मात्र ‘सा’ही सरकतो आणि स्वरांमधली अंतरंही बदलतात. म्हणून तिथे बेरीज आणि गुणाकार दोन्ही लागतात.

२. रूपांतराची सूत्रं एकदा नीट सांगा.

°फॅ. = (°से. × ९ ÷ ५) + ३२
°से. = (°फॅ. − ३२) × ५ ÷ ९
के. = °से. + २७३.१५

वहीत सर्वांत जास्त चूक क्रमाची होते. सेल्सियसकडून जाताना आधी गुणाकार आणि मग ३२ मिळवायचे. परत येताना आधी ३२ वजा करायचे आणि मगच गुणायचं. १०४°फॅ. घ्या: १०४ − ३२ = ७२, ७२ × ५ ÷ ९ = ४०°से. हाच हिशेब कुणी १०४ × ५ ÷ ९ करून त्यातून ३२ वजा केले, तर २५.८ येतात. तापाने फणफणलेलं मूल वहीत अचानक गारठून जातं. फॅरनहाइटमधून केल्विनमध्ये जायचं असेल तर मध्ये सेल्सियसवर थांबा, चूक टळते.

३. चालता-बोलता तोंडी हिशेब कसा करू?

दुप्पट करा, आलेल्या संख्येतून तिचा दहावा भाग काढा आणि ३२ मिळवा. ३५°से.: दुप्पट ७०, त्यातून ७ काढले की ६३, आणि ३२ मिळवले की ९५°फॅ. हे उत्तर अंदाजे नाही, अगदी बरोबर आहे, कारण दुप्पटीतून दहावा भाग काढणं म्हणजेच १.८ ने गुणणं.

उलट बाजूने ३२ वजा करा, निम्मे करा आणि निम्म्याचा दहावा भाग मिळवा. ८६°फॅ.: ५४, मग २७, मग २९.७. खरं उत्तर ३०. हवामानासाठी एवढं पुरतं. तापासाठी ही युक्ती वापरू नका, कारण तिथे दशांशालाही किंमत असते. त्यासाठी प्रश्न ६ मधला तक्ता आहे.

पाढ्यासारखी एक शिडीही पाठ करता येते. सेल्सियसमध्ये ५ ची पायरी चढलात की फॅरनहाइटमध्ये ९ ची चढता: ०–३२, ५–४१, १०–५०, १५–५९, २०–६८, २५–७७, ३०–८६, ३५–९५, ४०–१०४. मुलांना आवडणाऱ्या दोन जोड्याही आहेत, आकडे उलटे केले की झालं: १६°से. म्हणजे जवळपास ६१°फॅ. आणि २८°से. म्हणजे जवळपास ८२°फॅ.

४. मुलगी न्यू जर्सीला असते. ‘आज ९५ आहे’ म्हणते तेव्हा आम्ही घाबरतो. खरंच एवढं तापतं का?

ती ९५°फॅ. सांगते आहे, म्हणजे ३५°से. पुण्यातली एप्रिलमधली साधी दुपार. हिवाळ्यात ती ‘आज वीस’ म्हणाली तर मात्र काळजी करा. २०°फॅ. म्हणजे उणे ६.७°से., बाहेरचं पाणी गोठवणारी थंडी. अमेरिकेत रोजच्या वापरात आजही फॅरनहाइटच चालतं. शेजारच्या कॅनडाने १९७५ मध्ये हवामानासाठी सेल्सियस घेतलं, पण तिथल्या कित्येक घरांतले ओव्हन अजून फॅरनहाइटवर चालतात. नातवंडांशी बोलताना नुसता आकडा न सांगता ‘आपल्याकडचे ३५’ असं म्हणायची सवय दोन्हीकडून लावली तर बरं.

५. हवामान सेल्सियसमध्ये, मग ताप फॅरनहाइटमध्येच का?

इंग्रजी अमदानीत दवाखान्यांत फॅरनहाइटचे थर्मामीटर आले आणि डॉक्टरांपासून आजीपर्यंत सर्वांच्या तोंडी तेच आकडे बसले. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली, शेर-मण जाऊन किलो आले आणि हवामानही सेल्सियसवर गेलं. पण ‘एकशे दोन ताप’ या शब्दांनी जी धडकी भरते ती ‘३८.९’ ने भरत नाही.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. फॅरनहाइटचा अंश लहान असल्याने दशांश न सांगताही ९९, १००, १०१ असा चढ नेमका सांगता येतो. त्यामुळे घरात फॅरनहाइट वापरायला माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती एकक न सांगण्याला.

६. नवीन डिजिटल थर्मामीटर ३९.४ दाखवतोय. तो बिघडलाय का?

तो बिघडलेला नाही. तो सेल्सियसवर आहे आणि मुलाला १०३ ताप आहे. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका वर्गातल्या मुलाच्या वडिलांनी रात्री ३९.४ हा आकडा पाहिला, ‘९८ च्या कितीतरी खाली आहे’ असं मानलं आणि सकाळपर्यंत थांबले. मूल सुखरूप बरं झालं. पण तेव्हापासून पालकसभेत मी हा तक्ता दरवर्षी फळ्यावर लिहीत आले.

| °फॅ. | °से. |
|---|---|
| ९८.६ | ३७.० |
| ९९.५ | ३७.५ |
| १००.४ | ३८.० |
| १०१ | ३८.३ |
| १०२ | ३८.९ |
| १०३ | ३९.४ |
| १०४ | ४०.० |
| १०५ | ४०.६ |

जिवंत माणसाच्या अंगाचा आकडा ३५ ते ४२ च्या घरात दिसला तर तो सेल्सियस, ९५ ते १०८ च्या घरात दिसला तर फॅरनहाइट. दोन्हींची सरमिसळ होऊच शकत नाही, म्हणून ही ओळख पक्की आहे. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकक लिहिलेलं असतं. अनेक मॉडेलमध्ये बटण काही सेकंद दाबून धरलं की ते बदलतं. कित्येकदा मुलं खेळताना बटण दाबतात आणि एकक बदललेलं कुणाच्या लक्षात येत नाही. पडद्यावर ‘लो’ उमटलं तर थर्मामीटर नीट लागलेला नाही, पुन्हा लावा. डॉक्टरांना फोन करताना आकडा, एकक आणि कुठे मोजला या तिन्ही गोष्टी सांगा. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा ताप ३८°से. किंवा १००.४°फॅ. भरला तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

७. काखेत मोजल्यास एक अंश मिळवायचा, असं आई सांगते. सेल्सियसच्या थर्मामीटरवरही एकच मिळवू का?

नाही. आईचा नियम फॅरनहाइटच्या काळातला आहे. तो ‘एक अंश’ म्हणजे फॅरनहाइटचा एक, सेल्सियसमध्ये साधारण अर्धा. सेल्सियसवर पूर्ण एक मिळवलात तर १.८°फॅ. मिळवल्यासारखं होईल, म्हणजे आईच्या नियमापेक्षा ताप ०.८°फॅ. ने फुगवून सांगाल. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः काहीच मिळवू नये. ‘काखेत १०१ आला’ असं जसंच्या तसं सांगावं आणि बेरीज-वजाबाकी डॉक्टरांवर सोडावी. तोंड, काख, कान यांतला फरक प्रत्येक माणसात सारखा नसतो. फरकाचं रूपांतर वेगळं का करावं लागतं, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

८. निरोगी माणसाचं तापमान बरोबर ९८.६ च का?

लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांची तापमानं मोजली आणि १८६८ मध्ये निष्कर्ष छापला: सरासरी ३७°से. तो आकडा पूर्णांकात आणलेला होता. त्याचं फॅरनहाइटमध्ये रूपांतर झाल्यावर ९८.६ आलं आणि त्या शेवटच्या ‘.६’ मुळे ते अतिशय काटेकोर मोजल्यासारखं दिसू लागलं. अमेरिकेत १९९२ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा निरोगी प्रौढांची सरासरी ३६.८°से. म्हणजे ९८.२°फॅ. आली.

शिवाय पहाटे अंग थोडं गार असतं आणि दुपार उलटल्यावर थोडं गरम. दिवसभरात अर्धा अंश सेल्सियस इकडेतिकडे होणं स्वाभाविक आहे. त्यामुळे संध्याकाळी ९९ दिसलं म्हणून लगेच गोळी शोधू नका.

९. थर्मल गन कपाळावर ३३ दाखवते. हा तर धोकादायक कमी आकडा झाला ना?

बहुतेक वेळा तिचा मोड चुकलेला असतो. अशा गनमध्ये ‘शरीर’ आणि ‘पृष्ठभाग’ असे दोन मोड असतात. पृष्ठभागाच्या मोडमध्ये ती कातडीचं खरं तापमान सांगते, आणि कपाळाची कातडी आतल्या शरीरापेक्षा गार असते. शरीराच्या मोडमध्ये ती आतल्या तापमानाचा अंदाज बांधून आकडा वाढवून दाखवते. दुधाची वाटी किंवा तवा मोजून झाल्यावर मोड बदलायला विसरू नका.

१०. फॅरनहाइटने ३२ आणि २१२ असे आडनिडे आकडे का निवडले?

त्याने निवडलेले आकडे ०, ३२ आणि ९६ होते. डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट १६८६ मध्ये डान्झिगला, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कला जन्मला. काचेची उपकरणं बनवणं हा त्याचा व्यवसाय. १७१४ च्या सुमारास त्याने पाऱ्याचे भरवशाचे थर्मामीटर बनवले. १७२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या लेखात त्याने तीन खुणा सांगितल्या: बर्फ, पाणी आणि नवसागराचं मिश्रण ०, बर्फ आणि नुसतं पाणी ३२, निरोगी माणसाच्या तोंडात किंवा काखेत ९६.

३२ पासून ९६ पर्यंत ६४ अंश होतात. ६४ चे निम्मे ३२, मग १६, ८, ४, २ आणि १. हाताने काच कोरणाऱ्या माणसाला निम्मं करत जाणं सर्वांत सोपं, हे ध्यानात घेतलं की आकडे आडनिडे वाटत नाहीत. डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ ओल रोमर याच्या आधीच्या पट्टीत गोठणबिंदू साडेसात होता. ते अपूर्णांक फॅरनहाइटला नको होते.

फॅरनहाइटच्या मृत्यूनंतर गोठणबिंदू ३२ आणि उकळबिंदू २१२ असे पक्के केले गेले, म्हणजे मध्ये बरोबर १८० अंश बसले. त्यात शरीराची खूण ९६ वरून सरकून ९८ च्या पलीकडे गेली.

११. सेंटिग्रेड आणि सेल्सियस वेगळे आहेत का?

एकच. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने सेंटिग्रेड हे नाव सोडून सेल्सियस हे नाव घेतलं. आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी सेंटिग्रेड राहिलं, आणि त्यात चूक काही नाही.

स्वीडनच्या उप्साला इथल्या अँडर्स सेल्सियसने १७४२ मध्ये पट्टी मांडली तेव्हा ती उलटी होती: उकळणारं पाणी ० आणि वितळणारा बर्फ १००. तो १७४४ मध्ये वारला आणि त्यानंतर लवकरच स्वीडनमध्ये पट्टी सुलटी झाली. फ्रान्समधल्या लिओंच्या जाँ-पिएर क्रिस्तँने १७४३ मध्येच स्वतंत्रपणे सुलटी पट्टी सुचवली होती.

१२. केल्विनचा शून्य उणे २७३.१५ वरच का? आणि परीक्षेत २७३ लिहू की २७३.१५?

वायूचा दाब तोच ठेवून तो ०°से. पासून थंड करत नेला, तर प्रत्येक अंशाला त्याचं आकारमान मूळच्या साधारण २७३ व्या भागाने घटतं. आलेखावरची ही रेघ पुढे वाढवली की उणे २७३ च्या आसपास आकारमान शून्यावर येतं. खरा वायू त्याआधीच द्रव होतो, पण रेघ सांगते ते खरं आहे: याच्याखाली गार करण्यासारखं काही उरत नाही. विल्यम थॉमसनने १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानपट्टीची कल्पना मांडली. पुढे तो लॉर्ड केल्विन झाला. ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नदीचं ते नाव. म्हणजे आपण तापमान मोजताना एका नदीचं नाव घेत असतो.

परीक्षेत पुस्तकात जे असेल ते घ्या. गणितात बाकीचे आकडे पूर्णांकात असतील तर २७३ ने उत्तरात फरक पडत नाही. प्रयोगशाळेत दशांशापर्यंत मोजलं असेल तर २७३.१५ च घ्या. आणि ‘अंश केल्विन’ म्हणू नका. १९६७ पासून नुसतं ‘केल्विन’ आहे, वर वर्तुळाची खूण नाही. जुन्या पुस्तकांत ती दिसते. २० मे २०१९ पासून केल्विनची व्याख्या पाण्यावर नाही, बोल्ट्झमन स्थिरांकाच्या (तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या आकड्याच्या) ठरवून दिलेल्या किमतीवर उभी आहे. रोजच्या हिशेबात त्याने काहीही बदललं नाही.

१३. बल्बच्या खोक्यावर ६५०० के. लिहिलंय. बल्ब एवढा तापतो?

नाही, तो प्रकाशाच्या रंगाचा आकडा आहे. लोखंड भट्टीत तापवलं की आधी लालभडक होतं, मग पिवळसर, मग पांढरं. एखादी काळी वस्तू २७०० केल्विनला तापवली तर ती ज्या पिवळसर रंगाने उजळेल, तसा प्रकाश २७०० के. चा बल्ब देतो. ६५०० के. म्हणजे भर दिवसाचा निळसर पांढरा. गंमत वाटते ती नावांची: जास्त केल्विनच्या प्रकाशाला ‘कूल’ आणि कमी केल्विनच्या प्रकाशाला ‘वॉर्म’ म्हणतात. डोळ्यांना काय वाटतं त्यावरून ही नावं पडली आहेत. झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० घ्या, असं माझं मत.

१४. ‘पारा सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त.’ हे फॅरनहाइटमध्ये ४०.१ झालं का?

नाही, ८.१ झालं. या एका चुकीसाठी हे सगळं पान लिहावं असं मला वाटत होतं, कारण ती शिकलेल्या माणसांकडूनही होते.

तापमान आणि तापमानातला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापमानाचं रूपांतर करताना ३२ लागतात, कारण दोन पट्ट्यांचे शून्य वेगळ्या जागी आहेत. फरकाचं रूपांतर करताना ३२ लागत नाहीत. दोन्ही आकड्यांत ते सारखेच असतात आणि वजाबाकीत निघून जातात. पडताळून पाहा: सरासरी ३८°से. म्हणजे १००.४°फॅ. आणि आज ४२.५°से. म्हणजे १०८.५°फॅ. दोघांतला फरक ८.१. फरकाला फक्त १.८ ने गुणायचं.

हवामान विभागाच्या निकषांत दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी येतात. मैदानी भागात किमान ४०°से., किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० गाठलेलं असावं, आणि वर सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त असावं, मग उष्णतेची लाट. पहिले आकडे तापमानाचे आहेत, दुसरे फरकाचे. २०१५ च्या पॅरिस करारातले ‘१.५ अंश’ हाही फरकच, म्हणजे २.७°फॅ. एखादं रूपांतराचं यंत्र त्याचं ३४.७ करून देईल आणि त्यात यंत्राची चूक नसेल. त्याला आपण काय विचारतो आहोत हे आपल्यालाच ठाऊक असायला हवं.

सेल्सियस आणि केल्विनमध्ये फरक मात्र एकच असतो: ४.५°से. चा फरक म्हणजे ४.५ के. चाच फरक.

१५. ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट गरम, हे बरोबर आहे का?

नाही. तेच दोन दिवस फॅरनहाइटमध्ये लिहा: ६८ आणि १०४. आता ते दीडपट दिसतात. एकक बदललं की ‘किती पट’ बदलत असेल, तर ती पट खरी नाही. शून्य खरा असेल तरच पटीत बोलता येतं, आणि खरा शून्य केल्विनमध्ये आहे. २९३ के. आणि ३१३ के. म्हणजे जेमतेम सात टक्क्यांची वाढ.

गाडीच्या टायरमध्ये हे रोज दिसतं. सकाळी २० अंशांत ३२ पीएसआय हवा भरली आणि दुपारी टायर ४५ अंशांवर गेला. सेल्सियसने हिशेब केला तर दाब दुपटीहून जास्त व्हायला हवा. तसं होत नाही. केल्विनमध्ये २९३ चे ३१८ झाले, वाढ साडेआठ टक्के. आणखी एक काळजी घ्यावी लागते. दाबाच्या काट्याचा शून्यही खोटा असतो, कारण तो वातावरणाचे १४.७ सोडून मोजतो. खरा दाब ३२ + १४.७ = ४६.७. त्याचे साडेआठ टक्के म्हणजे जवळपास ४. काट्यावर ३६ दिसतील. म्हणूनच हवा टायर गार असताना तपासायची.

१६. रेसिपीत ३५० अंश लिहिलंय, माझा ओटीजी २५० वरच संपतो. काय करू?

रेसिपी अमेरिकन आहे. ३५०°फॅ. म्हणजे १७७°से., काटा १८० वर ठेवा. ३२५ साठी १६०, ३७५ साठी १९०, ४०० साठी २००. दशांशाच्या मागे लागू नका, घरगुती ओटीजीचं आतलं तापमान काट्यापासून सहज दहा-पंधरा अंश इकडेतिकडे असतं. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये ‘२० अंश कमी करा’ असं म्हणतात तो सेल्सियसमधला फरक आहे, फॅरनहाइटमध्ये साधारण ३५ (प्रश्न १४ पाहा).

दह्याचं विरजण लावायला दूध ४० ते ४५°से. म्हणजे १०४ ते ११३°फॅ. असावं. करंगळी बुडवून पाहायची आजीची पद्धत साधारण तेवढ्यावरच येते.

१७. महाबळेश्वरला पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं. मग सेल्सियसची पट्टी तिथे चुकते का?

पट्टी तीच राहते, पाण्याचा उकळबिंदू बदलतो. दर ३०० मीटर चढलं की तो साधारण एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरला तो साडेपंचाण्णवच्या आसपास असतो, तर लेहला ८८ च्या आसपास. म्हणूनच लेहला कुकरशिवाय डाळ शिजत नाही. कुकरमध्ये दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत तापतं. थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून तपासत असाल तर आपल्या गावाची उंची विचारात घ्या. त्यापेक्षा बर्फाचा चुरा आणि पाणी एकत्र करून ० तपासणं सोपं, त्याला उंचीने जवळजवळ फरक पडत नाही.

१८. दोन्ही पट्ट्यांवर एकच आकडा कधी येतो?

उणे ४० वर. −४०°से. आणि −४०°फॅ. म्हणजे एकच थंडी. सूत्रात दोन्ही बाजूंना एकच अक्षर घालून पाहा, उत्तर आपोआप येतं. तिथे पाऱ्याचा थर्मामीटर मात्र चालणार नाही, कारण पारा −३८.८°से. लाच गोठतो. अशा थंडीत अल्कोहोलचे थर्मामीटर वापरतात.

यातून एक सुरेख पद्धत निघते. कोणत्याही बाजूने जाताना आधी ४० मिळवा, मग ९/५ किंवा ५/९ ने गुणा आणि शेवटी ४० वजा करा. ३५°से.: ७५, १३५, ९५. परत: १३५, ७५, ३५. क्रम दोन्हीकडे तोच, म्हणून प्रश्न २ मधली चूक होत नाही. फॅरनहाइट आणि केल्विन ५७४.५९ च्या आसपास भेटतात. सेल्सियस आणि केल्विन कधीच भेटत नाहीत, कारण त्यांच्यात २७३.१५ चं अंतर कायम असतं.

१९. गाडीत ४६ दिसत होते, बातम्यांत ४१ सांगितले. खरं कोणतं?

दोन्ही, वेगळ्या गोष्टींचे. हवामान केंद्रातला थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सावलीत असतो. तो हवा मोजतो. गाडीचा सेन्सर तापलेल्या डांबराजवळ असतो. ‘जाणवणारं तापमान’ हे तिसरंच: ३२°से. ला आर्द्रता ७० टक्के असेल तर अंगाला ४१ सारखं वाटतं, कारण घाम वाळत नाही. ती वेगळी पट्टी नाही, आकडा सेल्सियसमध्येच असतो. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको.

२०. रूपांतर करताना दशांश किती ठेवायचे?

मूळ आकड्यात जेवढा काटेकोरपणा आहे तेवढाच. ‘जवळपास १००°फॅ.’ चं रूपांतर ‘३७.७८°से.’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याची फसवणूक होते, ‘जवळपास ३८’ पुरे (प्रश्न ८ मधल्या ९८.६ चं झालं ते हेच). सुरक्षिततेच्या मर्यादेत मात्र नुसतं जवळच्या पूर्णांकावर जाऊ नका, मर्यादेच्या आत राहा. लस २ ते ८°से. मध्ये ठेवायची, म्हणजे ३५.६ ते ४६.४°फॅ. पूर्णांकात लिहायचं तर ३६ ते ४६. कुणी ३५ लिहिलं तर लस गोठण्याच्या दिशेने जाते, आणि काही लसी गोठल्या की निकामी होतात.

२१. मुलाने सी भाषेत रूपांतराचा प्रोग्रॅम लिहिला. सूत्र बरोबर, पण ३५ टाकले की ६७ येतात.

त्याने ९/५ कंसात आधी भागलं असणार. त्या भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, म्हणून ९ भागिले ५ चं उत्तर १.८ न येता १ येतं, आणि ३५ × १ + ३२ = ६७. उलट बाजूचा प्रोग्रॅम याहून विचित्र वागेल: ५ भागिले ९ चं उत्तर ० येईल आणि काहीही टाकलं तरी शून्यच मिळेल. ९ ऐवजी ९.० लिहायला सांगा. आणि तपासणीसाठी त्याला तीन आकडे द्या: ०, १०० आणि उणे ४०. तिन्हींची उत्तरं ३२, २१२ आणि उणे ४० आली तर प्रोग्रॅम बरोबर आहे.